काळी, पांढरी आणि एक अभ्यासिका

पहिला दिवस : पुणे, येडशी, तेर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात हौसेनं कुणी जात नाही. मलाही मामाच्या फोननं नेलं. किल्लारीच्या पंचक्रोशीतल्या त्याच्या गावात मुलींसाठी अभ्यासिका मंजूर झाली, पैसेही आले, आणि पोरींनी नकाशा बघून सांगितलं की असल्या खोलीत आम्ही बसणार नाही. कारण साधं आहे. गावात अगदी तशीच एक खोली आधीपासून आहे. तिला समाजमंदिर म्हणतात. वर स्लॅब, दोन बाजूंना हातभर खिडक्या. मार्च ते जून त्या खोलीत फक्त पत्रावळ्या आणि सतरंज्या राहतात. "तू शिकलीस न्हवं घरं बांधायचं? मग ये आन् बघ," मामा म्हणाला.

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे. म्हणजे लोकांच्या बाल्कन्या आणखी किती इंच कमी करता येतील, याचा हिशेब करण्यात माझे बरेच दिवस जातात. त्यामुळे फोन आला त्याच रात्री मी बसून एक चित्र काढलं. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचं माळवद, पुढं ऐसपैस ओसरी. इथलाच दगड, इथलेच कारागीर, इथलीच पद्धत. कॉलेजात जे जे चांगलं म्हणून शिकवलं होतं, ते सगळं त्या एका कागदावर उतरलं होतं. स्वतःवर खूश होऊन मी कागदाची गुंडाळी केली आणि पहाटेच्या एसटीत बसले.

टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी. बार्शीनंतर खिडकीचा गज हाताला चटके देऊ लागला. येडशीच्या फाट्यावर मामा ओम्नी घेऊन उभा होता. डोक्याला पंचा, मागच्या सीटवर ओल्या पोत्यात गुंडाळलेला पाण्याचा कॅन. "आधी तेर बघू," मी म्हटलं. "तिथं काय बघूलालीस? कुंभाराचं गाव," असं म्हणून त्यानं गाडी वळवली.

तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथून रोमपर्यंत माल जात होता. आता गल्लीबोळांचं, तेरणेकाठचं गाव. त्रिविक्रम मंदिराचं छत हत्तीच्या पाठीसारखं गोल आहे. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. बांधकाम सगळं विटांचं. बेसाल्टच्या मुलखात, जिथं कुठंही खणलं तरी दगड लागतो, तिथं कुणीतरी विटा भाजायचं ठरवलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. तेरच्या जुन्या विटा पाण्यात टाकल्या तर तरंगतात, हे तर प्रसिद्धच आहे. मातीत तूस कालवायचं. भट्टीत ते जळून जातं, विटेत बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते, उन्हालाही अडवते. आज हेच यंत्रानं केलेल्या ठोकळ्यांत विकत मिळतं आणि आम्ही त्याला नवं तंत्रज्ञान म्हणतो.

गोरोबाकाकांच्या समाधीशी मामा हात जोडून उभा राहिला. थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं हे सांगणारे गोरोबा. नामदेवसुद्धा त्या परीक्षेत कच्चे निघाले. मामानं माझ्या डोक्यावर दोन बोटं वाजवली आणि काही न बोलता चप्पल घालू लागला.

परतताना एका गल्लीत माळवदावर माणूस काम करताना दिसला. मृगाच्या आधीची डागडुजी चालली होती. आम्ही विचारलं तर त्यानं वरच बोलावलं. पाट्यांनी पांढरी माती वर आली होती, तो ती हातानं पसरून, पाणी शिंपडून चोपत होता. पांढरी म्हणजे गावठाणाची माती, काळी म्हणजे शेताची. काळी पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, म्हणून ती पिकाला. पांढरी पाणी धरून ठेवत नाही, म्हणून ती घराला. इतका हिशेब इथल्या भाषेतच मुरलेला आहे. गाव म्हणजे पांढरी, शेत म्हणजे काळी.

त्यानं खाली नेऊन छत दाखवलं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर आडव्या किलच्या, त्यावर पाला, मग माती. मधोमध साणं. त्यातून उन्हाचा एक चौकोन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला होता. बाहेर डोकं भणभणत होतं आणि आत घशाखाली थंडावा उतरत होता. मी भिंतीला गाल लावला. मामा हसला नाही, हे मला नंतर आठवलं.

"जुनी माती काढत नाही का?" मी विचारलं.

"काढायची कशाला? आज्याच्या वक्ताची हाय ती. दरसाली दोन बोटं वर पडतीच."

रात्री लॉजवर झोप येईना म्हणून आकडेमोड केली. दहा बाय दहाची खोली. वर दोन फूट माती धरली तर दोनशे घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो. म्हणजे ९ टन. कोरडी असताना. एका खोलीवर.

दुसरा दिवस : नळदुर्ग, सास्तूर, किल्लारी

नळदुर्गावर तासभरच थांबलो. बोरी नदीवर १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि महालात बसलेल्याच्या अंगावर थेंब येत नाही. आत्ता पाणी तळाला गेलेलं होतं, पण आत गारवा होता. एकच बांधकाम पाणी साठवतं, किल्ला राखतं आणि वर माणसाला निवांत बसायलाही देतं. फोटोवाल्या नवरा-नवरीची रांग लागली होती, आम्ही निघालो.

नळदुर्गजवळच 'आपलं घर' आहे. भूकंपात आईबाप गेलेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणांनी उभं केलेलं. आत गेलो नाही. मामा म्हणाला, त्याच्या शाळासोबत्याची दोन मुलं तिथं वाढली, एक आता मास्तर आहे. मग लोहाऱ्यापर्यंत तो गप्प होता.

सास्तूर आलं. भूकंपानंतर उभं राहिलेलं 'स्पर्श' रुग्णालय रस्त्यावरून दिसलं. पुढं किल्लारी.

१९९३ साली मी लातुरात तिसरीत होते. गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना आईनं मला फरफटत अंगणात ओढलं, तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज अजून कानात आहे. आमचं घर टिकलं. आजोळचा वाडा, जिथं माझी धाकटी मावशी होती, तो टिकला नाही. ६.२ रिश्टरच्या आसपासचा धक्का. सरकारी आकड्यानं जवळपास ८,००० माणसं गेली. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि लोक दुसऱ्या दिवशी कामाला जातात. इथं एवढी माणसं जमिनीनं मारली नाहीत, घरांनी मारली.

आणि कुणाला वाटलंही नव्हतं. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरं तर आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते. माणसं रात्री बाहेर झोपत होती, मग सवय झाली, पुन्हा आत झोपू लागली. नकाशा बदलला तो २००२ साली. त्यात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

स्मृतिस्तंभापाशी कुणी नव्हतं. मामानं पंचा काढून हातात घेतला. पाच मिनिटांत आम्ही परत गाडीत होतो. उन्हात उभं राहवत नव्हतं, हे एक कारण.

तिसरा दिवस : नवं गाव, जुनं गाव

बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली, त्यातलं हे एक. रस्ते सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात. नगररचनेच्या पुस्तकातून काढून ठेवल्यासारखे. मामाच्या गावात पूर्वी या वेशीतून त्या वेशीत विडी संपायच्या आत जाता यायचं. आता मामी दुकानाला निघाली तर डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची बाटली घेते. रस्ता एवढा रुंद की कुठल्याच घराची सावली दुसऱ्या घरापर्यंत पोचत नाही. जुनं गाव अंधारं होतं, तुंबलेलं होतं, आणि कुणाची वस्ती कुठं असायची हे जातीनं ठरत होतं. त्याच्या आठवणीनं गळा काढावा असं काही नव्हतं. पण गल्लीला सावली होती.

घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. मामाचं साडेचारशेचं. अजून लोक 'भूकंपाचं घर' म्हणतात. भूकंपात पडलेलं ते जुनं घर आणि भूकंपानं दिलेलं हे भूकंपाचं घर. नकाशात गोठा नव्हता, बळद नव्हतं, चूल कुठं मांडायची तेही नव्हतं. संडास होता, त्यात मामीनं पंधरा वर्षं सरपण ठेवलं. पुढं पत्र्याचा सोपा उतरवला, मागं कुडाचा गोठा. आता मूळ घर शोधायला लागतं. ते मधोमध आहे आणि त्यात कपाट, टीव्ही आणि पाहुण्यांच्या गाद्या राहतात. माणसं पत्र्याच्या सोप्यात राहतात, नाहीतर लिंबाखाली.

रात्री दहाला मी मुद्दाम आत जाऊन स्टुलावर चढले आणि स्लॅबला खालून तळवा लावला. तव्यावरची भाकरी उलटताना लागतो तसा चटका. दिवसभराचं ऊन ते आता सावकाश घरात सोडत होतं. त्याच छताखाली निर्धास्त झोप लागते, असं मात्र मामी म्हणाली. "उकडतंय, पर पडत न्हाई." या चार शब्दांपुढं माझ्या थंड माळवदाचं काय करायचं, हे मला कळेना.

एक गोष्ट मामाच्या घरात बघण्यासारखी आहे. दर्शनी भिंत सिमेंटची, सपाट, निळा डिस्टेंपर दिलेली. आणि तिच्यात जुन्या वाड्याची चौकट बसवलीय. काळपट सागवान, वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. ढिगाऱ्यातून आजोबांनी ती काढली आणि बैलगाडीतून आणली. जुन्या दारांसारखी ती ठेंगणी आहे, माझं डोकं दोनदा आपटलं. डाव्या खांबावर एक ताजी वाटावी अशी खाच आहे, बोटभर खोल. दगड पडल्याची. मामी रोज त्या चौकटीला हळदकुंकू लावते, त्या खाचेतही.

दुपारून जुन्या गावी गेलो. वेड्या बाभळीचं रान माजलंय. मधूनच एक जोतं, एक उखळ, आडाचा काठ. पांढरीची माती आता कुणी माळवदावर टाकत नाही, ट्रॅक्टरनं शेतात नेतात. तिथं आमच्याबरोबर गवंडीबाबा आले होते. सत्तरी ओलांडलीय, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी माझ्या चित्राची गुंडाळी उलगडली. त्यांनी ती बघितली, परत गुंडाळली आणि म्हणाले, "भिंत आदी शिका."

मग अर्धा तास त्यांनी जे केलं, ते मला पाच वर्षांच्या कॉलेजात कुणी दाखवलं नाही. तिथलेच पडीक दगड गोळा केले, बादलीभर माती कालवली आणि गुडघाभर उंचीच्या, दोन हात लांबीच्या दोन भिंती रचल्या. पहिली जुन्या रीतीची. बाहेरच्या अंगाला घडीव तोंडाचे दगड, आतल्या अंगाला तसेच, मध्ये खडी आणि चिखल. समोरून देखणी दिसत होती. दगडाचं तोंड घडवलेलं, पण मागं तो निमुळता, गाजरासारखा. बाहेरच्या थराचा दगड आतल्या थरापर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे ती एक जाड भिंत नव्हतीच. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन बारीक भिंती होत्या, मध्ये भुसा भरलेल्या. दुसरी अगदी तशीच, फक्त तीन ठिकाणी त्यांनी या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा लांब दगड घातला.

"हाणा लाथ."

मी पहिलीला पायानं ढकललं. ती दोन्ही बाजूंना पोट फुगल्यासारखी फुटली, आतला थर आत, बाहेरचा बाहेर. दुसरीला ढकललं. ती हलली, वरचे दोन दगड घरंगळले, बाकीची उभी.

"त्या राती अशीच फुटली," ते म्हणाले. "लाकडाचा सांगाडा लई घरांचा उभाच होता बघा. भिंती आत आल्या. भिंतीकडंला झोपलेला मेला. जिथं भिंतीत बसवलेल्या तुळया सुटल्या, तिथं वरची मातीबी आली."

ते पुढं दुरुस्तीच्या कामावर होते. बावन्न गावं हलवली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जिथं घरं तडकली आणि पडली नाहीत अशी लाखभराहून जास्त घरं जागच्या जागी बळकट केली गेली, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. पैसे घरमालकाच्या खात्यात, हप्त्यानं. काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. उभ्या भिंतीतून पहारीनं अलगद दगड काढायचा, आरपार भोक पाडायचं, त्यात आकड्यासारखी वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा टेकू ठोकायचा. माळवदावरची माती उतरवून हलकी करायची. गवंडीबाबांनी अशी किती भोकं पाडली त्याचा हिशेब त्यांच्याकडं नाही. त्यातली घरं अजून उभी आहेत आणि त्यांच्या मालकांना ती डागडुजी स्वतःला करता येते. नव्या गावातल्या स्लॅबला तडा गेला की शहरातून माणूस बोलवावा लागतो.

परत येताना मी माझी गुंडाळी ओम्नीच्या सीटखाली सारली.

चौथा दिवस : मारुतीच्या पारावर

सकाळी आठलाच बैठक, नंतर ऊन बसू देत नाही. पंधरा-वीस बाया, अभ्यासिकेत बसणाऱ्या नऊ-दहा मुली, सरपंच, मामा, गवंडीबाबा. आणि शेजारच्या गावातून आलेल्या एक अक्का. भूकंपानंतर महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या होत्या, हजाराहून जास्त गावांत. सरकार आणि घरमालक यांच्या मधल्या. अक्का त्यातल्या. सातवी शिकलेल्या. सिमेंट-वाळूच्या पाट्या मोजायला त्या बांधकामावर दिवसभर बसायच्या आणि गवंडी त्यांना बघून तोंड फिरवून हसायचे. "हसू द्या म्हणलं, सहाला एक पडली का न्हाई तेवढं सांगा."

मी धीर करून माळवदाचं बोलले. हलकं करू, चार इंचांची माती, पक्का सांगाडा. आकडे सांगितले. एक म्हातारी मध्येच म्हणाली, "माती डोक्यावर नको बाई. मेल्यावर हायच की."

कुणी हसलं नाही. विषय तिथंच मिटला आणि मिटायलाच हवा होता. मी ज्याला परंपरा म्हणत होते, त्याच्याखालून तिनं माणसं ओढून काढली होती.

मग मुली बोलल्या. एक पोलीस भरतीची तयारी करतेय, दोघी नर्सिंगच्या. त्यांच्या मागण्या आर्किटेक्चरच्या कुठल्याच मासिकात छापून येणार नाहीत अशा. खिडकी खाली नको, बाहेरून पोरं डोकावतात. पण वारा खालून पाहिजे, घाम पायाला येतो. संडास खोलीला लागून पाहिजे, मागच्या बाजूला अंधारात नको. मोबाइल चार्जिंगला दहा पॉइंट. एकीनं हळूच सांगितलं, की ओसरी मोठी नको, नाहीतर तिथं पत्ते खेळणारे येऊन बसतील. मामानं आभाळाकडं बघितलं.

भिंतीचं लवकर जमलं. दगडच, पण सिमेंटच्या मालात, दीड फुटाहून जाड नाही. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फुटांवर आरपार दगड, तो बाहेरून ओळखू यावा म्हणून त्याच्यावर चुन्याचा ठिपका. ही अक्कांची सूचना. ठिपका दिसला नाही तर हप्ता नाही. जोत्याला, दाराच्या माथ्याला आणि छताखाली सळईचा पट्टा, चारी भिंतींना कमरेच्या करगोट्यासारखा. पाया काळीतून खाली मुरुमापर्यंत. खिडक्या उंच, आणि खाली घोट्याच्या उंचीला विटांची जाळी, म्हणजे वारा येईल आणि डोकावता येणार नाही. जाळीतून साप येईल, असं सरपंच म्हणाले. आतून तारेची जाळी लावायची ठरली.

छतावर गाडं अडलं. पत्रा कुणालाच नको, पावसात मास्तरांचा शब्द ऐकू येत नाही. कौलं मी सुचवली, तर सगळे एकदम "माकडं!" म्हणून ओरडले. आणि गारपीट. २०१४ च्या गारांनी किती कौलं फोडली त्याची यादीच सुरू झाली. राहिला स्लॅब. मे महिन्यात स्लॅब ओतला तर वर आठ-दहा दिवस पाणी उभं ठेवायचं कुठून? ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं काँक्रीटला पाजायला टँकर मागवायचा, हे माझ्या तोंडून निघेना.

तेव्हा मला तेरच्या पोकळ विटा आठवल्या, आणि आर्किटेक्ट लॉरी बेकर. केरळात बेकरांनी एक साधी युक्ती रूढ केली. स्लॅबच्या खालच्या अंगाला असलेलं काँक्रीट भार पेलत नाही, ते फक्त सळई धरून ठेवतं. मग सळयांच्या चौकटीत तेवढ्या जागी हलकं काहीतरी भरायचं. जुनी कौलं, मडकी. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, आणि मध्ये हवा अडकली तर ऊनही अडतं. मी पारावरच्या धुळीत काडीनं काढून दाखवलं. दोन परळं, म्हणजे मातीच्या उथळ ताटल्या, तोंडाला तोंड लावून सळयांच्या मध्ये.

अक्का बराच वेळ धुळीकडं बघत होत्या. "हलायला लागल्यावर ती परळं डोक्यात येतील का?"

हा प्रश्न बरोबर होता. वरून आणि चारी बाजूंनी काँक्रीट त्यांना धरून ठेवतं, असं उत्तर मी दिलं. पण ते पुस्तकातलं होतं आणि अक्कांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. शेवटी ठरलं की आधी चार बाय चारचा एक तुकडा जमिनीपासून हातभर उंचीवर ओतायचा, पिकू द्यायचा, मग त्यावर सिमेंटच्या गोण्या रचायच्या आणि खालून पहारीनं ठोकायचं. परळ निसटलं तर साधा स्लॅब करायचा, वर चुन्याचा पांढरा हात द्यायचा. तो तर तसाही द्यायचाच. पुण्याहून एका ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला मी घेऊन येणार. तुकडा पहिल्या पावसानंतर, स्लॅब पोळ्यानंतर, विहिरींना पाणी असताना. "तीस सप्टेंबर सोडून," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या.

संध्याकाळी कुंभाराकडं गेलो. आता तो फक्त उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडं आणि दिवाळीला पणत्या करतो. सहाशे परळं म्हटल्यावर त्याला वाटलं गावात मोठं लग्न आहे. छतात घालायची आहेत हे कळल्यावर त्यानं चाक थांबवलं. एक परळ उचललं, बोटाच्या पेरानं ठण् करून वाजवलं, कानाशी नेलं. मग दुसरं वाजवलं, त्याचा आवाज बसका आला. ते बाजूला ठेवलं. "छताला ही चालायची न्हाई. एक भाजणी जादा द्यावी लागंल." गोरोबांचं थापटणं अजून चालू आहे.

पाचवा दिवस : निघताना

दुपारची गाडी होती, म्हणून सकाळी सहालाच जागेवर फक्की मारायला घेतली. मामानं सुतळी धरली, गवंडीबाबांनी काटकोन जुळवला. ते तीन, चार, पाच हात मोजून जुळवतात, फूटपट्टीची गरज पडत नाही. पांढऱ्या रेषा उमटल्या आणि मोकळ्या जमिनीवर सोळा बाय चोवीसची खोली दिसू लागली. मुली आत जाऊन आपापली जागा धरून बसल्या, एकीनं तर वही काढली.

आजी काठी टेकत आली. पंच्याऐंशीच्या पुढं आहे, फारसं बोलत नाही. त्या रात्री ती साडेसहा तास ढिगाऱ्याखाली होती. तिच्या कुशीत मावशी होती. याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

फक्कीच्या रेषेवर पाय पडू न देता ती चारी बाजूंनी फिरली.

"दार कुटं हाय?"

मी दाखवलं. पूर्वेला.

"आन् दुसरं?"

"एवढ्याशा खोलीला एक पुरतं आजी."

ती काठीवर दोन्ही हात ठेवून थांबली. "त्या राती दार उगडंच होतं. दारापुडं भिंत पडलती." मग म्हणाली, "भायेर उगडणारं कर. आत उगडणारं नको."

मामानं सुतळी खाली ठेवली. मी पश्चिमेच्या भिंतीकडं गेले आणि तिथली तीन फूट रेषा चपलेनं पुसली. आजीनं त्या मोकळ्या जागेत काठी आडवी धरून पाहिली.

"आनकी एक वीत," ती म्हणाली.